सभेत बसणे हाही धम्मच आहे



नव्याने दीक्षा घेतलेल्या कुटुंबांकडून एक प्रश्न वारंवार विचारला जातो. "आम्ही आता बौद्ध झालो. त्रिसरण-पंचशील घेतले, घरातले देव्हारे काढले, मुलांची नावे बदलली. मग आता ग्रामपंचायत, ग्रामसभा, निवडणूक या भानगडीत कशाला पडायचे? राजकारण म्हणजे चिखल. उपासकाने विहारात यावे, वंदना घ्यावी, मुलांना शिकवावे आणि आपला संसार नीट करावा. एवढे पुरे नाही का?"

प्रश्न प्रामाणिक आहे, म्हणून त्याचे उत्तरही प्रामाणिकपणे दिले पाहिजे. उत्तर असे आहे की, एवढे पुरे नाही. परमपूज्य बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात धम्माचे जे स्वरूप सांगितले, ते आठवा. मनुष्य एकटाच असेल तर त्याला धम्माची गरज नाही. दोन माणसे एकत्र आली की त्यांनी एकमेकांशी कसे वागावे हा प्रश्न निर्माण होतो आणि तेथे धम्म लागतो. आता तुम्हीच सांगा, दोन माणसे एकत्र आल्यावर धम्म लागतो, तर सारा गाव जेथे एकत्र येतो, पाणी कोणाच्या वस्तीला आधी जायचे आणि रस्ता कोठवर करायचा हे जेथे ठरते, तेथे धम्म नको काय? विहारात समता शिकायची आणि ग्रामसभेत दाराबाहेर उभे राहायचे, याला धम्माचरण कसे म्हणावे?

तथागतांनी संघ कसा चालवला

आपल्यापैकी पुष्कळांना असे वाटते की, लोकशाही ही साहेबांनी आगबोटीतून आणली. बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत केलेल्या भाषणात हा समज खोडून काढला. भिक्खू संघाला सभा चालविण्याचे नियम माहीत होते, आसनव्यवस्था, ठराव, गणसंख्या, मतमोजणी हे सारे तेथे होते, आणि ही पद्धत तथागतांनी त्या काळच्या गणराज्यांच्या सभांतून घेतली असावी, असे त्यांनी त्या सभागृहाला सांगितले.

विनयपिटक उघडून पाहिले म्हणजे हे प्रत्यक्ष दिसते. संघापुढे कोणतेही काम आणायचे तर आधी त्याची सूचना मांडायची, तिला ञत्ति म्हणत. महत्त्वाच्या कामात सूचनेनंतर तीन वेळा विचारणा व्हायची. ज्याला मान्य असेल त्याने शांत राहावे, ज्याला मान्य नसेल त्याने बोलावे. ठराविक संख्या हजर नसेल तर काम ग्राह्य धरले जात नसे. साध्या कामालाही किमान चार भिक्खू लागत. मध्यदेशात उपसंपदा द्यायची तर दहा लागत. मतभेद मिटला नाही तर शलाका म्हणजे लाकडाच्या पट्ट्या वाटून मते घेत आणि बहुमताने निर्णय करीत. ही मते उघडपणे घेता येत, कानात सांगून घेता येत आणि गुप्तपणेही घेता येत. अडीच हजार वर्षांपूर्वीची ही गोष्ट आहे.

आणि या सभेत बसत कोण होते? शाक्य राजपुत्र दीक्षेला आले तेव्हा त्यांच्यासोबत उपाली नावाचा न्हावी होता. राजपुत्रांनीच विनंती केली की, उपालीला आधी दीक्षा द्यावी, म्हणजे आम्हांला त्याला वंदन करावे लागेल आणि आमचा शाक्यकुळाचा गर्व उतरेल. तसेच झाले. पुढे राजगृहाच्या पहिल्या संगीतीत विनयाबद्दलचे प्रश्न याच उपालीला विचारण्यात आले. जन्माने न्हावी असलेला माणूस नियमांचा सर्वांत मोठा जाणकार ठरला.

दीघनिकायात वज्जींची हकीकत आहे. मगधाचा राजा अजातशत्रू वज्जींचे गणराज्य बुडवायला निघाला होता. त्याने वस्सकार नावाच्या ब्राह्मण मंत्र्याला तथागतांकडे पाठवले. तथागतांनी आनंदाला प्रश्न विचारले. वज्जी वरचेवर सभा भरवतात का? एकोप्याने जमतात, एकोप्याने उठतात का? ठरलेले नियम पाळतात का? वडीलधाऱ्यांचे ऐकतात का? स्त्रियांवर जुलूम करीत नाहीत ना? असे सात प्रश्न होते. हे जोवर ते पाळतात तोवर त्यांची वृद्धीच होईल, असे तथागत म्हणाले. सातांतला पहिला प्रश्न सभा भरवण्याचा आहे, हे ध्यानात घ्या. अट्ठकथेत पुढची गोष्ट येते. तोच वस्सकार वज्जींमध्ये जाऊन राहिला, याच्या कानात एक आणि त्याच्या कानात दुसरे सांगत राहिला. तीन वर्षांत अशी फूट पडली की, सभेची दवंडी पिटली तरी कोणी आले नाही. त्यानंतर अजातशत्रूला लढावेच लागले नाही. प्रत्येक गावात आजही एखादा वस्सकार असतो. निवडणूक जवळ आली की तो आपल्या वस्तीत चहाला येतो.

महाडचा धडा

आपण माणगावकर. माणगाव म्हटले की, बाहेरच्या लोकांना कोल्हापूरकडचे माणगाव आठवते. मार्च १९२० मध्ये तेथे परिषद भरली होती आणि राजर्षी शाहू महाराजांनी तेथे जमलेल्या लोकांना सांगितले होते की, तुम्हांला तुमचा पुढारी मिळाला आहे. ते माणगाव वेगळे. पण आपल्या माणगावाला कमीपणा मानायचे कारण नाही. आपल्यापासून महामार्गाने तासाभराच्या आत महाड आहे आणि वाटेत दासगाव आहे, जेथील रामचंद्र बाबाजी मोरे यांनी महाडच्या परिषदेसाठी जिवाचे रान केले.

महाडची गोष्ट आपण दर वर्षी २० मार्चला ऐकतो. पण तिच्यातला सभागृहाचा भाग मागे राहतो, म्हणून तो आज क्रमाने सांगते.

१९२३ साली रावबहादूर सी. के. बोले यांनी मुंबईच्या कायदे कौन्सिलात ठराव आणला की, सरकारी पैशाने बांधलेली व चालवलेली पाणवठ्याची ठिकाणे, विहिरी, धर्मशाळा, शाळा अस्पृश्यांना खुल्या असाव्यात. १९२४ साली महाड नगरपालिकेने ठराव करून चवदार तळे खुले केले. कागदावर खुले झाले, पाण्याला मात्र कोणाला हात लावता येईना. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी हजारो लोकांसह तळ्यावर जाऊन पाणी घेतले आणि त्याच दिवशी आपल्या माणसांवर लाठ्या पडल्या. पुढे ४ ऑगस्ट १९२७ रोजी त्याच नगरपालिकेने आपला १९२४ चा ठराव मागे घेतला.

बंधूंनो, येथे थांबा आणि विचार करा. तळे खुले केले ते ठरावाने आणि बंद केले तेही ठरावाने. दोन्ही वेळा हात वर झाले ते त्या खोलीतल्या माणसांचे. त्या काळी मत होते ते मालमत्ता आणि कर पाहून. आपल्यातल्या बहुतेकांना ते नव्हते. ज्यांच्या घशाचा प्रश्न होता, त्यांच्या हाताला त्या सभेत किंमत नव्हती.

डिसेंबर १९२७ मध्ये लोक पुन्हा महाडला जमले. २५ डिसेंबरला मनुस्मृतीचे दहन झाले. तळ्यावर जायला मात्र न्यायालयाचा तात्पुरता मनाईहुकूम आडवा आला होता. बाबासाहेबांनी एकट्याने निर्णय देऊन टाकला नाही. प्रश्न परिषदेपुढे मांडला गेला, बाजूने आणि विरुद्ध भाषणे झाली, हजारोंनी सत्याग्रहासाठी नावे दिली, कलेक्टरचेही म्हणणे ऐकले गेले आणि अखेर सत्याग्रह तहकूब करण्याचा ठराव झाला. लढा न्यायालयात गेला. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल आपल्या बाजूने लागला. दहा वर्षे लागली. पण त्या निकालानंतर तळ्याचा हक्क कोणत्याही नगरपालिकेच्या मर्जीवर उरला नाही.

त्याच वर्षी दुसरी एक गोष्ट घडली. १९३६ साली स्थापन झालेल्या स्वतंत्र मजूर पक्षाच्या वतीने बाबासाहेब मुंबई विधानसभेत निवडून गेले होते. १७ सप्टेंबर १९३७ रोजी त्यांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. आपल्या वाडवडिलांना खोत म्हणजे काय हे सांगावे लागत नव्हते. जानेवारी १९३८ मध्ये कोकणचे शेतकरी मुंबईत कौन्सिल हॉलवर मोर्चाने गेले. त्यांत सर्व जातींचे कुळवाडी होते. विधेयक त्या वेळी मंजूर झाले नाही. पण प्रश्न एकदा सभागृहात उभा राहिला तो राहिलाच आणि १९४९ च्या कायद्याने खोती गेली. निवडून दिलेला एक माणूस काय करू शकतो, हे कुलाबा आणि रत्नागिरीच्या शेतकऱ्याने तेव्हा पाहिले.

मत देताना चार अगती

आता आजकडे येऊ. मी शिक्षिका आहे. आमच्या घरात पदवी घेणारी मी पहिली. मतदानाच्या दिवशी आम्हा शिक्षकांना केंद्रावर काम असते. बोटाला शाई लावताना मी माणसांचे हात पाहते. लावणी करून भेगाळलेले हात असतात, वीटभट्टीवरचे असतात, मुंबईहून एस.टी.ने रात्रभर प्रवास करून आलेल्या पोराचेही असतात. यंत्रापुढे या सर्वांची किंमत सारखी, प्रत्येकी एक. मोठ्या बंगल्यातल्या माणसालाही तेथे एकच बटण दाबता येते.

हे एक मत आपण कसे देतो? विनयात शलाका वाटून मते गोळा करणाऱ्या भिक्खूचे गुण सांगितले आहेत. चार अगतींना वश न होणारा असा तो हवा. छंद, दोस, मोह आणि भय या त्या चार अगती. मते गोळा करणाऱ्याला लावलेली ही कसोटी मत देणाऱ्याने स्वतःला लावून पाहावी.

छंद म्हणजे लोभ, आवड. पाकीट आले, साडी आली, पोरांना एका रात्रीची दारू आणि मटण मिळाले, म्हणून दिलेले मत छंदाने दिलेले. पंचशील घेतलेल्या माणसाने येथे दोनदा विचार करावा. जे घेण्याचा आपल्याला हक्क नाही ते घेतले, तेथे दुसरे शील मोडले. मद्य घेतले, तेथे पाचवे मोडले. पैसे घेऊन तोंडावर एकाला हो म्हटले आणि दुसऱ्याला मत दिले, तेथे चौथेही गेले. एका रात्रीत तीन शीले! आणि ज्याने पैसे दिले तो पाच वर्षांनी हिशेब असा देतो की, तुमचे तेव्हाच चुकते केले आहे.

दोस म्हणजे द्वेष. शेजारच्या भावकीचा उमेदवार नको म्हणून चांगल्या माणसाला पाडणे. आपल्या वस्तीत चार घरे आणि पाच गट असतील तर वस्सकाराला फार कष्ट पडत नाहीत.

मोह म्हणजे न समजता मत देणे. ग्रामपंचायतीचे काम काय, पंचायत समितीचे काय, आमदाराचे काय हे ठाऊक नसताना केवळ झेंडा किंवा चेहरा पाहून बटण दाबणे.

चौथे भय. हे सर्वांत जड, आणि नव्याने दीक्षा घेतलेल्यांना ते अधिक भासते. "तुम्ही धर्म बदललात, आता मळ्यात काम मागायला येऊ नका," अशी वाक्ये कोठे उघड, कोठे आडून ऐकू येतात. भय खोटे आहे असे मी म्हणणार नाही. पोटाशी जोडलेले भय उपदेशाने जात नाही. पण दोन गोष्टी जाणून घ्या. मत गुप्त आहे, ते कोणाला दिले हे विचारण्याचा अधिकार कोणालाच नाही. आणि धर्मांतराने तुमचा घटनात्मक हक्क गेलेला नाही. महाराष्ट्र शासनाने १९६० च्या सुमारास नवबौद्धांना राज्याच्या सवलती लागू केल्या आणि १९९० च्या कायदादुरुस्तीने अनुसूचित जातींतून बौद्ध झालेल्यांना केंद्रातही अनुसूचित जातीचा दर्जा मिळाला. राखीव जागेवर तुम्ही उभे राहू शकता. त्यासाठी जातीचा दाखला आणि वैधता प्रमाणपत्र लागते. निवडणूक जाहीर झाल्यावर धावपळ करू नका, कागद आजच काढून ठेवा.

ग्रामसभा ही आपली सभा

मत पाच वर्षांतून एकदा. ग्रामसभा वर्षातून किमान चार वेळा. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या तारखा आता गावोगाव परिचित झाल्या आहेत. माणगाव शहरात नगरपंचायत असल्यामुळे तेथे ग्रामसभा नसते, नगरसेवकाला आणि कार्यालयाला विचारावे लागते. पण भोवतालच्या गावांत ग्रामसभा आहे आणि गावच्या मतदारयादीत ज्याचे नाव आहे तो प्रत्येक जण तिचा सभासद आहे. तेथे जाण्यास कोणाचे आमंत्रण लागत नाही.

गणसंख्या मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांपैकी जी कमी असेल ती. म्हणजे आपल्या वस्तीतून तीस माणसे गेली तरी सभेत त्यांचे वजन पडते. ग्रामपंचायतीने आपल्या उत्पन्नातले १५ टक्के मागासवर्गीयांच्या कल्याणासाठी खर्च करायचे असतात. ते झाले का? कशावर झाले? हे विचारायचे. अनुसूचित जाती व नवबौद्ध वस्त्यांच्या विकासाची योजना आहे. आपल्या वस्तीचे काम त्या आराखड्यात आहे का? हे विचारायचे. तोंडी उत्तर टाळले गेले तर २००५ च्या माहिती अधिकाराच्या कायद्याने दहा रुपयांच्या शुल्कात लेखी विचारायचे.

एका गावाची गोष्ट ऐकली. वस्तीच्या नळाचा विषय दर सभेला विषयपत्रिकेत शेवटी घातला जाई. तोवर आपली माणसे कामाच्या खाड्याला भिऊन निघून जात आणि "विषय मांडणारे हजर नाहीत" अशी नोंद होई. मग विहारात बसून त्यांनी ठरवले की, पाळीपाळीने दहा घरांनी शेवटपर्यंत बसायचे, ज्यांचा रोज बुडेल त्यांना बाकीच्यांनी वर्गणी काढून भरपाई द्यायची आणि इतिवृत्तात नाव व विषय लिहिला गेल्याशिवाय उठायचे नाही. तिसऱ्या सभेला ठराव झाला. भांडण झाले नाही, घोषणाही झाली नाही. ती माणसे फक्त बसून राहिली.

संस्था नसली की काय होते, तेही आपण नुकतेच पाहिले. २०२२ नंतर राज्यातल्या अनेक नगरपालिका, जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्यांच्या निवडणुका वर्षानुवर्षे लांबल्या आणि प्रशासकांनी कारभार पाहिला. अखेर मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला निवडणुका घेण्याचा आदेश द्यावा लागला. त्या काळात आपल्यापैकी किती जणांनी विचारले की, आमचा सदस्य कोठे आहे?

भगिनींनो, तुमच्यासाठी

१९५१-५२ साली देशात पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली. शंभरातली ऐंशीहून अधिक माणसे निरक्षर होती, म्हणून चिन्हे काढावी लागली. अशा देशात लोकशाही टिकणार नाही, असे शहाणेसुरते लोक म्हणत होते. त्या वेळी सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे यादीतून वगळावी लागली. का? कारण यादी करणाऱ्याला त्यांनी स्वतःचे नावच सांगितले नाही. अमक्याची बायको, तमक्याची आई एवढेच सांगितले.

आज नाव यादीत आहे. महाराष्ट्रात २०११ पासून स्थानिक संस्थांत निम्म्या जागा स्त्रियांना आहेत. पण बाई सरपंच आणि कारभार नवऱ्याचा, हे आपल्या समाजातही दिसते. वज्जींच्या सात प्रश्नांत स्त्रियांवरील जुलमाचा प्रश्न होता. निवडून आलेल्या बाईला घरी ठेवून तिच्या खुर्चीत बसणे, हा त्या जुलमाचाच एक सभ्य प्रकार आहे. बंधूंनो, हे तुम्हांलाही सांगते आहे.

शेजारच्या नेपाळात २०१७ च्या स्थानिक निवडणुकीत कायद्याने प्रत्येक प्रभागात एक जागा दलित स्त्रीसाठी ठेवली आणि हजारो दलित स्त्रिया निवडून आल्या. उलट ब्रह्मदेश पाहा. देश बौद्ध, विहार सोन्याने मढवलेले. तरी १ फेब्रुवारी २०२१ रोजी लष्कराने निवडून दिलेले सरकार उलथून टाकले. सोन्याच्या विहारांनी लोकशाही राखली जात नाही. ती राखायला जागती माणसे लागतात.

बाबासाहेबांचा इशारा

१९४९ च्या त्याच भाषणात बाबासाहेबांनी तीन इशारे दिले होते. रक्तपाताचा मार्ग सोडून घटनेच्या मार्गाने चला. कितीही थोर माणूस असला तरी आपले स्वातंत्र्य त्याच्या पायाशी वाहू नका, कारण राजकारणातली भक्ती हुकूमशाहीकडे नेते. आणि केवळ राजकीय लोकशाहीवर समाधान मानू नका, तिच्याखाली सामाजिक लोकशाहीचा पाया घाला. दुसरा इशारा आपण विशेष लक्षात ठेवावा. पुढारी आपल्याच समाजाचा असला, निळा झेंडा घेऊन आला, तरी त्यालाही हिशेब विचारायचा. तथागतांनी स्वतःचे वचनही पारखून घ्या म्हणून सांगितले. मग पुढाऱ्याचे वचन पारखायला कसली भीती?

बाबासाहेब स्वतः १९५२ साली लोकसभेच्या निवडणुकीत हरले आणि १९५४ साली भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीतही हरले. पण २२ डिसेंबर १९५२ रोजी पुण्यात लोकशाहीवर बोलताना त्यांनी तिचा धिक्कार केला नाही. रक्त न सांडता लोकांच्या जीवनात क्रांतिकारक बदल घडवून आणणारी पद्धत ती लोकशाही, अशी तिची व्याख्या केली. पराभवानंतरच्या वर्षात ही व्याख्या करणारा माणूस आपला गुरू आहे, हे विसरू नका.

तर मग येत्या पौर्णिमेला विहारात वंदना झाल्यावर लगेच उठू नका. चार कामे करा. वस्तीतल्या प्रत्येक प्रौढाचे नाव यादीत आहे का ते पाहा. अठरा पूर्ण झालेल्या मुलामुलींचा नमुना ६ भरा. आता वर्षातून चार अर्हता तारखा आहेत, १ जानेवारीचीच वाट पाहायला नको. चाकरीला मुंबईत असलेल्यांनी नाव एकाच ठिकाणी ठेवावे, दोन ठिकाणी ठेवणे कायद्याविरुद्ध आहे. राखीव जागेसाठी योग्य अशा दोन स्त्रिया आणि दोन पुरुषांचे कागद तयार ठेवा. आणि पुढच्या ग्रामसभेला कोण जाणार, शेवटपर्यंत कोण बसणार, त्याची पाळी लावा.

हे करताना कोणी म्हणाले की, विहारात राजकारण कशाला आणता, तर त्याला उपालीची गोष्ट सांगा. विचारा, संघात शलाका कशासाठी वाटत होते?

सर्वांचे मंगल होवो. जयभीम! जय बुद्ध! जय भारत!